न पाहिलेल्या वाहनाचा विसार

चाकणच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी प्रथम त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे हे ठरल्यावर तो त्यास चालवून पाहतो, मानेवर जू ठेवून पाहतो, मारकेपणाची खोड आहे काय याची चार जणांकडे चौकशी करतो. आणि मगच रुमालाखाली बोटे धरून भावाची बोलणी सुरू होतात. हाच शेतकरी अलीकडे चार-पाच लाखांचा जुना ट्रॅक्टर किंवा पिकअप मोबाईलवरील छायाचित्रावरून पसंत करतो आणि ज्याला कधी पाहिलेले नाही अशा माणसास विसार पाठवून मोकळा होतो. ही गोष्ट चमत्कारिक खरी. परंतु तिच्याबद्दल शेतकऱ्यास हसणे योग्य नव्हे. हसण्याच्या भयानेच पुष्कळ लोक फसवणूक झाल्याचे घरातदेखील सांगत नाहीत, व त्यात मोलाचा वेळ निघून जातो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या वाहनांस मोठी मागणी आहे. खेड व मावळ तालुक्यांतील कांदा, बटाटा व भाजीपाला बाजारात न्यावयाचा असतो. ज्यांच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, त्यांपैकी अनेकांनी मोबदल्याच्या पैशातून टेम्पो व पिकअप घेऊन कारखान्यांच्या मालवाहतुकीत उदरनिर्वाह शोधला. नवे वाहन प्रत्येकास परवडत नाही, हंगाम तर थांबत नाही. अशा वेळी मोबाईलवर निम्म्या किमतीची जाहिरात दिसली म्हणजे मन तिकडे ओढले जाते. याला लोभ म्हणण्यापेक्षा घाई म्हणणे अधिक न्याय्य होईल, आणि लबाड माणूस या घाईवरच आपला व्यवहार उभारतो.

त्याची पद्धत बहुधा एकाच साच्याची असते. विक्रेता स्वतःस सैन्यातील किंवा विमानतळावरील सुरक्षा दलातील जवान म्हणवितो. बदली झाली आहे, म्हणून वाहन स्वस्तात काढावयाचे आहे, असे सांगतो. गणवेषातील छायाचित्र, ओळखपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र यांच्या प्रती तो न मागता पाठवितो. ही कागदपत्रे कोणा तिसऱ्याच माणसाची चोरलेली किंवा बनावट असतात. देहूरोड आणि खडकी येथे लष्करी छावण्या आहेत, गावोगावी एखाद्या घरातील मुलगा सैन्यात आहे. त्यामुळे गणवेष पाहताच या भागातील माणसाचा संशय मावळतो. वाहन पाहण्यास येतो म्हटले तर ‘आत प्रवेश नाही, लष्करी वाहतुकीने घरपोच पाठवितो’ असे उत्तर मिळते. जवानाचे खासगी वाहन गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचविण्याचा धंदा सैन्य करीत नाही, एवढे एक जरी ध्यानात राहिले तरी पुष्कळ पैसा वाचेल.

यापुढचा भाग अधिक दुःखद आहे. प्रथम वाहतूक खर्चाचे चार-पाच हजार मागितले जातात. ते गेले की कराची रक्कम, मग विम्याची, मग ‘वाहन नाक्यावर अडले आहे’ म्हणून अनामत. आणि प्रत्येक रक्कम वाहन दारात येताच परत मिळेल असे आश्वासन दिलेले असते. शेतकरी दुसरा हप्ता पाठवितो तो वाहनासाठी नव्हे, तर पहिला बुडू नये म्हणून. नापीक विहिरीत आणखी दोन हात खोल गेल्यास पाणी लागेल, या आशेने पैसा ओतत जाण्यासारखेच हे आहे. स्वतःचे जुने वाहन विकणाऱ्यासही हे लोक सोडत नाहीत. ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे त्यास सांगतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही व पिनही घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात, येत नाहीत.

हा एकट्या-दुकट्या भामट्याचा खेळ नाही. २७ एप्रिल २०२३ च्या रात्री हरियाणातील नूह जिल्ह्यात सुमारे ५,००० पोलिसांनी १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले. या टोळ्यांनी देशभरातील सुमारे २८,००० लोकांस १०० कोटी रुपयांहून अधिक रकमेस फसविल्याचे पुढील तपासानंतर पोलिसांनी जाहीर केले. जुन्या वाहनांच्या खोट्या जाहिराती हा त्यांच्या उद्योगातील एक ठळक प्रकार होता.

दुसरा प्रकार डोळ्यांसमोर घडतो, म्हणून त्याकडे लक्ष कमी जाते. वाहनमालक आपला टेम्पो रस्त्यालगतच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी ठेवतो आणि कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देतो. व्यापारी तो विकतो, परंतु मालकास पैसे देत नाही; किंवा वाहनावरील कर्ज फेडलेले नसताना घेणाऱ्याच्या गळ्यात मारतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली व १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यास परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घेणे आवश्यक झाले. वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९ सी मध्ये नोंदवावी लागते. ही तरतूद चांगली आहे, पण गावात ती फारच थोड्यांस ठाऊक आहे. प्राधिकारपत्र दाखविण्यास जो व्यापारी टाळाटाळ करील, त्याच्याकडे वाहन ठेवूही नये व त्याच्याकडून घेऊही नये.

वाहन घेताना यंत्र तपासण्यास ओळखीचा मेस्त्री न्यावा, हे सांगणे नलगे. कागदांची तपासणी मात्र मेस्त्री करणार नाही. एमपरिवहन या शासकीय अ‍ॅपमध्ये क्रमांक घातला असता वाहनाची नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र व कर्जाचा बोजा यांची माहिती मिळते. तीच माहिती कागदाशी, आणि कागदावरील चॅसी क्रमांक वाहनावर कोरलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बोजा असल्यास बँकेच्या सहीचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. विक्री राज्यातच झाली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. येथे विकणाऱ्यानेही सावध असावे. ज्याचे नाव नोंदणीवर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. ‘नाव मागाहून करू’ या शब्दावर टेम्पो देणाऱ्याचे शेत त्यामुळे संकटात येऊ शकते.

विसार देण्याची चाल वाईट नाही. ती वाहनासमोर, साक्षीदारांदेखत, पावती घेऊन पाळली जावी आणि रक्कम नोंदणीकृत मालकाच्याच बँक खात्यात जावी, एवढेच मागणे आहे. बियाण्याची पिशवी घेताना पावती व पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवा, असे गावपातळीवरील कार्यकर्ते दर हंगामात सांगतात. शेकडो रुपयांच्या पिशवीसाठी जी दक्षता शिकविली जाते ती लाखोंच्या ट्रॅक्टरसाठी शिकविणे हे आपले काम नव्हे, असे कार्यकर्त्याने मानणे चुकीचे आहे. वाहनाचा क्रमांक तपासून देण्यास ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणि पैसे गेलेच तर गावात कुजबुज होण्याची वाट न पाहता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती गोठविली जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी ती आशा पुष्कळ क्षीण होते. स्वतःच्या हाताने पाठविलेली रक्कम बँक सहसा भरून देत नाही, हे लक्षात घेता पहिल्या तासाचे मोल कळेल. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवावी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही. सोबत व्यवहाराचा क्रमांक, बँकेचा खातेउतारा, जाहिरातीचे व संभाषणाचे छायाचित्र आणि ज्या क्रमांकावरून दूरध्वनी आले तो क्रमांक न्यावा. रागाच्या भरात मोबाईलमधील संभाषण पुसून टाकलेले असते, असा अनुभव वारंवार येतो. ते पुसू नये.