नवा कॉम्प्युटर आला, पण ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?



विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, ते आपल्या शाळांमधल्या जुन्या डब्यांत बहुतेक नसतंच. म्हणजे आज ना उद्या शाळेत नवा कॉम्प्युटर येणार. ग्रामपंचायतीकडून येईल, लोकसहभागातून येईल, एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून येईल. आला की नारळ फुटतो, ग्रुपवर फोटो पडतो आणि 'जुन्यातलं सगळं नव्यात घ्या' हे काम शाळेतल्या वयाने लहान गुरुजींच्या किंवा बाईंच्या गळ्यात पडतं. माझं म्हणणं असं आहे की हे काम कॉम्प्युटर येणाऱ्याचं नाहीच. हे चार्ज देण्याघेण्याचं काम आहे, आणि ते मुख्याध्यापकांच्या सहीनेच व्हायला हवं.

जनरल रजिस्टरला आपण किती जपतो बघा. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरंही कपाटातून बाहेर निघाली. जुन्या नोंदी कित्येक ठिकाणी मोडीत. कागद शाबूत, पण वाचणारा शोधावा लागला. आपल्या फायलींचं अगदी हेच होतंय, फक्त त्याला शंभर वर्षं लागत नाहीत, एक कॉम्प्युटर बदलला तरी पुरतं.

कसं ते सांगतो. 2010 पासून आकारिक-संकलित मूल्यमापन आलं. तेव्हाच्या नोंदी, निकालपत्रकं, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव आपण श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केले. या फॉन्टमध्ये मराठी फक्त दिसायला असतं, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. डॉक्युमेंट्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं की फायली येतात, पण फॉन्ट मात्र विंडोजच्या वेगळ्या फोल्डरमध्ये मागेच राहतो. नव्यावर फाईल उघडावी तर नुसती भेळ! म्हणून जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवरच महत्त्वाच्या फायलींची पीडीएफ करून ठेवा, आणि जे पुढेही बदलावं लागणार आहे ते युनिकोडमध्ये करून घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही फोल्डरं विसरू नका. निम्मी शाळा तिथेच पडलेली असते.

फायलींचं एकवेळ निभतं. खरा घोळ खात्यांचा.

युडायसचा अकरा अंकी कोड शाळेचा असतो. साताऱ्यात तो 2731 ने सुरू होतो, सांगलीत 2735 ने. शिक्षक येतील-जातील, कोड तोच. पण शाळेच्या जीमेलला मोबाईल नंबर कुणाचा? त्या वेळी जे मुख्याध्यापक होते त्यांचा. पासवर्ड कुणाला पाठ? कुणालाच नाही, तो ब्राउझरने लक्षात ठेवलेला. जुन्या कॉम्प्युटरवर क्लिक केलं की उघडायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला प्रश्नच पडला नाही. नव्यावर पहिल्यांदा लॉगिन करताना ओटीपी जातो बदली होऊन जतला नाहीतर पाटणला गेलेल्या सरांकडे. ते वर्गावर असतात, किंवा रेंजमध्ये नसतात, किंवा आता निवृत्त होऊन नंबर बदलून बसलेले असतात. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. म्हणजे शाळेच्या खात्याची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात! शिवाय दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि आपल्या शाळांची बरीचशी खाती त्याच प्रकारची आहेत.

ब्राउझरचं फोल्डर कॉपी केलं की पासवर्डही येतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते त्या कॉम्प्युटरच्या त्या युजरशी बांधलेले असतात. जुन्यावर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक पासवर्ड बघायचा आणि वहीत लिहायचा. हो, वहीत. जाणकार लोक यावर नाक मुरडतील. पण मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटातली वही ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या पासवर्डपेक्षा हजारपट बरी. आणि नंबर बदलायचा तो जुन्या कॉम्प्युटरवर खातं उघडं असतानाच. शक्य असेल तर शाळेच्या नावाने एक साधं सिम घ्यावं, चार्जबरोबर ते पुढच्या माणसाकडे जावं. रिचार्जचा खर्च कुठून, हा प्रश्न येणारच. समितीच्या बैठकीत तो उघड मांडा, पालक नाही म्हणणार नाहीत.

आता पालकांनो, तुमच्यासाठी. त्या जुन्या डब्यात तुमच्या मुलाचं आधार आहे, शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या पासबुकाचा स्कॅन आहे, फोटो आहे, जन्मतारीख आहे. डिलीट केलं म्हणजे गेलं असं नसतं. नुसत्या डिलीट केलेल्या फायली अनेकदा परत काढता येतात. त्यामुळे कॉम्प्युटर भंगारात किंवा अंगणवाडीला द्यायच्या आधी रीसेट करताना सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडला का, हे तुम्ही विचारा. 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून कुणा शिक्षकाने राग मानू नये. मात्र रीसेटची घाई नको. नव्यावर महिनाभर काम करा, एक दाखला काढून बघा, एक निकाल उघडून बघा, मग जुना पुसा.

आणखी एक. बॅकअपची हार्डडिस्क त्याच कपाटात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. कृष्णाकाठच्या लोकांनी 2005, 2019 आणि 2021 चा पूर पाहिलाय, त्यांना जास्त सांगायला नको. एक प्रत केंद्रशाळेत किंवा उंचावरच्या शेजारच्या शाळेत ठेवा. मुलांची माहिती असल्याने तीही कुलुपात.

जडसंग्रह रजिस्टरमध्ये आपण मोडकी खुर्चीसुद्धा लिहितो, आणि बदलीच्या वेळी ती मोजून दिली जाते. त्याच चार्ज यादीत चार रकाने वाढवायचे आहेत: खात्याचं नाव, जोडलेला मोबाईल नंबर, पासवर्डची वही दिली की नाही, आणि घेणाऱ्याने लॉगिन करून बघितलं त्याची तारीख. त्याला वरून आदेश यायची वाट बघायची गरज नाही, आपल्या केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेतही हे ठरवता येईल. तुमच्या शाळेच्या जीमेलला आज कुणाचा नंबर आहे, तेवढं उद्या परिपाठाच्या आधी बघून ठेवा.