शिरोडकरला काय वाटलं?

माझी नात नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) वाचून काढली. आणीबाणीच्या दिवसांतली, नववीतल्याच मुकुंद जोशीची गोष्ट. पुस्तक मिटून म्हणते, "आजोबा, सगळं जोशीच सांगतो. शिरोडकरला काय वाटलं ते कळतच नाही!"

अगं, कादंबरी त्याची आहे, असं तिची आई म्हणाली. असेल. पण मला नातीचंच पटलं. परीक्षेत 'लेखकाला काय म्हणायचे आहे' एवढंच विचारतात. पोरीला पुस्तकात गप्प राहिलेली मुलगी दिसली. असल्या उत्तराला गुण कुठून मिळणार म्हणा!

आता प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' हातात दिलंय. तिथेही लंपनच बोलतो. सुमीबद्दल बाईसाहेब काय म्हणतात, कळवतोच.