पैशापैशाची काच

यंदाच्या मुखपृष्ठावर कंदील आहे. मैंदर्गीतल्या जुन्या माणसांना तो कोणता, हे सांगावे लागणार नाही. दिवेलागणीला राखेने काच पुसायची, वात कातरायची, मग तो ओसरीत टांगायचा. ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला, पण तो घडवणारे हात आपल्या आठवणीत फारसे उरले नाहीत.

कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 साली काच कारखाना काढला. वडिलांचे नाव कंदिलाला दिले आणि कारखान्याभोवतीची वस्ती ओगलेवाडी झाली. त्याही आधी, 1908 साली, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून निधी जमवला, लोकमान्य टिळक पाठीशी राहिले. परदेशी मालाशी झुंज द्यायची तर भांडवल सामान्यांच्या खिशातूनही उभे राहू शकते, हे या पैशाने सिद्ध केले. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास सांगताना याला पहिल्या पानावर जागा मिळायला हवी, असे आमचे ठाम मत आहे.

वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवणारी भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. थंड झाली, तर आतला रस थिजतो. कंदिलाच्या काचेला आतून ज्योतीची धग आणि बाहेरून वाऱ्याचा गारवा सोसायचा असतो, म्हणून तयार काच हळूहळू निववावी लागते. घाई केली की ती पुढे तडकते. नळीत श्वास किती आणि कधी सोडायचा, हे कारागीर उस्तादाशेजारी उभा राहूनच शिकतो.

गावोगाव वीज आली. ते फार चांगले झाले. कंदिलाची गरज संपली, ओगलेवाडीची भट्टीही विझली. आपल्या सोलापुरात तेच कापडाचे झाले. 1877 च्या जुन्या गिरणीचे आवार आज घरादुकानांचे आहे, पत्ता सांगताना मात्र लोक अजून ‘जुनी मिल कंपाऊंड’ म्हणतात. जागेचा नवा उपयोग व्हावा, याबद्दल तक्रार नाही. पण पाडकाम सुरू होते तेव्हा हजेरीपट, नकाशे, साचे आणि हत्यारे भंगारात जातात. कोणत्या खात्यात काय काम चालायचे, हे सांगणारेही पांगतात. वास्तू पाडण्याची परवानगी देताना आधी तिची छायाचित्रे, कागद आणि कामगारांच्या आठवणी नोंदवण्याची अट घालायलाच हवी. हे काम नगरपालिका आणि महाविद्यालये मिळून करू शकतात.

आमच्यापुरती सुरुवात आम्ही करत आहोत. मैंदर्गी, दुधनी, अक्कलकोट परिसरातल्या वाचकांनो, घरात गिरणीचा पास असेल, पगाराची चिठ्ठी असेल, जुना कंदील असेल, तर त्याचे छायाचित्र आणि त्यामागची हकीकत आम्हाला पाठवा. कन्नडमध्ये लिहिलीत तरी चालेल. पुढच्या दिवाळी अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.