सुताराच्या मुलाचें सागरी घड्याळ

पंचांगास देशांतराचा संस्कार करावा लागतो, हें आमच्या वाचकांच्या घरांतील वडील मंडळींस ठाऊकच आहे. रेखांशाच्या एका अंशास दहा पळें, म्हणजे चार मिनिटें, असें हें सरळ त्रैराशिक. भर समुद्रांत मात्र तें सुटेना. गलबतावरची वेळ सूर्यावरून काढतां येई. पण त्याच क्षणीं स्वदेशीं किती वाजले, हें सांगणार कोण? लंबकाचें घड्याळ हेलकाव्यांत टिकत नाहीं, आणि थंडी-उष्म्यानें स्प्रिंगेचा जोर कमी-अधिक होतो. १७०७ सालीं सिली बेटांपाशीं इंग्रजी आरमाराचीं चार गलबतें फुटलीं. १७१४ सालीं पार्लमेंटानें अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश दाखविणारास वीस हजार पौंडांचें बक्षीस लाविलें. सहा आठवड्यांच्या प्रवासांत अवघीं दोन मिनिटें चूक, म्हणजे दिवसास तीन सेकंद!

जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतारच. त्या काळचें तेल लौकरच चिकट होई. म्हणून त्यानें मूळच्याच तेलकट अशा लाकडाचे भाग बसवून बिनतेलाचीं घड्याळें केलीं. पहिलें सागरी घड्याळ १७३५ च्या सुमारास झालें. तिसऱ्यानें एकोणीस वर्षें खाल्लीं. त्यांत पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र जडविल्या होत्या. उष्म्यानें पितळ अधिक वाढतें, जोडपट्टी वांकते, आणि स्प्रिंगेची चाल आपोआप सांवरली जाते. इतकें करूनही त्याचें समाधान झालें नाहीं. १७५९ सालीं त्यानें चौथें घड्याळ पुरें केलें, तें जेमतेम पांच इंच व्यासाचें, मोठ्या खिशांतल्या घड्याळासारखें. त्यांत घर्षण कमी व्हावें म्हणून हिऱ्याचे बारीक तुकडे बसविलेले आहेत.

१७६१ सालीं मुलगा विल्यम तें घेऊन जमेकास निघाला. एक्याऐशीं दिवसांत चूक सुमारें पांच सेकंद! मंडळानें हा योगायोग ठरविला. १७६४ च्या बार्बेडोस-प्रवासांतही चूक मिनिटाच्या आंतच राहिली. तरी घड्याळ तज्ज्ञांपुढें खोलून दाखविल्यावर निम्मीच रक्कम हातीं आली. चंद्रावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते मॅस्कलिन हे १७६५ सालीं राजज्योतिषी झाले आणि त्या नात्यानें मंडळावरही बसले. त्यांची पद्धत कुचकामाची नव्हती. शिवाय या घड्याळाच्या एका नकलेसच साडेचारशें पौंड पडले. परंतु प्रतिस्पर्ध्यानेंच न्यायासनावर बसावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

तीच नक्कल कॅप्टन कुक यांनीं १७७२ सालीं दुसऱ्या सफरीस नेली व तिची तोंडभर स्तुति केली. अखेर राजे तिसरे जॉर्ज यांनीं स्वतः लक्ष घातलें, आणि १७७३ सालीं पार्लमेंटानें ८,७५० पौंड दिले. हॅरिसन तेव्हां ऐशीं वर्षांचा होता. तीन वर्षांनीं तो वारला.

चारही घड्याळें आज ग्रिनिच येथें ठेविलेलीं आहेत. पहिलीं तीन चालतात. चौथ्यास तेल लागतें व चालविल्यास तें झिजेल, म्हणून तें बंद ठेवितात.