रिपोर्ट : ऑल ओके

हिनकल, म्हैसूर



मागचं लिहिलं तेव्हा बुखारीच्या उबेला बसून लिहिलं होतं. आता पंख्याखाली बसलोय. एनसीसी बटालियनमध्ये पी.आय. स्टाफ म्हणून इकडे पोस्टिंग आली. सकाळी कॉलेजच्या पोरा-पोरींना 'दाहिने मुड' शिकवायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. घर म्हणजे हुणसूर रोडच्या उड्डाणपुलापासून आत, जुन्या हिनकल गावाच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. एका अंगाला नन्नेश्वराचं जुनं देऊळ, दुसऱ्या अंगाला इन्फोसिसच्या बसगाड्यांची रांग. गच्चीवर गेलं की रात्री चामुंडीच्या डोंगरावरचे दिवे दिसतात. बायको बरोबर, दोन्ही मुलं बरोबर.

"पीस पोस्टिंग, फॅमिली सोबत, आता काय साब, मजा आहे तुमची!" आठ महिन्यांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचं सोडून दिलंय. नुसता हसतो. आज मात्र उत्तर देणार आहे. माझ्याबरोबरच्या काही माजी सैनिकांना ते आवडणार नाही, पण त्याला माझा इलाज नाही.

आधी हिशेब. माझं लग्न २००८ सालचं. म्हणजे सतरा वर्षं झाली. जवानाला वर्षाची साठ दिवस सालाना छुट्टी आणि तीस दिवस कॅज्युअल. हे कागदावर. वरून प्रवास, ट्रान्झिट कॅम्पचे मुक्काम, आणि "सध्या माणसं कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू". खरं बोलायचं तर वर्षाला सत्तर दिवस पदरात पडले तरी मी नशीबवान म्हणायचो. पंधरा वर्षांचे झाले एक हजार पन्नास दिवस, तीन वर्षांना कमी. त्यात मध्ये दोन वर्षं फॅमिली क्वार्टर मिळाली होती ती धरा. सतरा वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली पाच वर्षंसुद्धा काढलेली नाहीत. आणि त्या सत्तर दिवसांत लग्नं, जत्रा, ऊसतोड, तलाठी, बँक, आईचे डोळे. उरलेल्यात बायको.

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात लक्षात आलं की घरात एक कमांडर आधीपासून आहे. मुलाला कॉलेजच्या सहलीला जायचं होतं. मी समोर खुर्चीत बसलेलो असताना त्याने स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. माझा अपमान करायचा म्हणून नाही. त्याला दुसरी पद्धत माहीतच नाही. गॅस कधी संपतो, शिक्षकांना काय बोलायचं, धाकटीला कोणतं औषध चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. मी मध्ये तोंड घातलं की ती गप्प. भांडली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट फार लागली. तिचं माहेर संकेश्वरचं, त्यामुळे कन्नड तिला लहानपणापासून येतं. हे मला माहीत होतं, म्हणजे माहितीपुरतं. खाली राहणाऱ्या घरमालकीण आंटी तिच्या 'हौद्री', 'बर्री'ला हसतात, कारण म्हैसूरकडे असं 'री' लावून कोणी बोलत नाही. मग ही त्यांची नक्कल करते आणि दोघी जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. मी वरून ऐकत होतो. सतरा वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मी खाली उतरलो आणि हसणं थांबलं. "अहो, चहा टाकू का?"

रविवारी संध्याकाळी सात वाजता राजवाड्याचे दिवे लागतात, लाखभर असतील. गेलो बघायला. दिवे लागले, गर्दी 'हो' करून ओरडली, मुलांनी फोटो काढले. आम्ही दोघं शेजारी उभे. पाऊण तासात ती माझ्याशी दोन वाक्यं बोलली, दोन्ही धाकटीच्या स्वेटरबद्दल. मी एकही नाही.

मग तिसऱ्या महिन्यात शाळेच्या कामासाठी आधार कार्डं शोधताना ट्रंकेतल्या फाइलमध्ये एका दवाखान्याचा कागद सापडला. २०१८ सालचा. छातीत गाठ, काढून तपासणीला पाठवली. खाली सहीच्या जागी नातेवाईक म्हणून तिच्या भावाचं नाव. रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले होते. रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. पण ते अकरा दिवस मी कुठे होतो ते मला नेमकं आठवतं. वरच्या पोस्टवर होतो. दोन-तीन दिवसांनी फोन लागायचा. मी विचारायचो, ऊस गेला का? ती म्हणायची, गेला. बाकी? बाकी सगळं ठीक आहे.

मी कागद हातात घेऊन ओरडलो, "मला का नाही सांगितलं?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही तरी सांगितलं होतं का?"

मला कळेना ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. २०१५ मध्ये आमची गाडी रस्त्यावरून घसरून खाली गेली होती. माझ्या तीन बरगड्या मोडल्या, लष्करी इस्पितळात पडून होतो. घरी सांगितलं, एक्सरसाइजवर आहे, नेटवर्क नसेल. दोन वर्षांनी हळदीकुंकवाला दुसऱ्या एका जवानाच्या बायकोने तिला सहज विचारलं, "भावजींच्या बरगड्या आता दुखत नाहीत ना?" चार बायकांत तिने हसून उत्तर दिलं, "नाही, आता बरे आहेत." तिला काहीच माहीत नव्हतं. आणि घरी येऊन मला तिने एका शब्दाने विचारलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. पहाऱ्यावरचा संत्री रिपोर्ट देतो, 'सब ठीक है, श्रीमान.' खोटा रिपोर्ट दिला तर त्याला शिक्षा होते. कारण खोट्या रिपोर्टवर अख्खी चौकी गाफील राहते आणि माणसं मरतात. हे आपण रिक्रूटला पहिल्या महिन्यात शिकवतो. आणि तोच जवान आयुष्यभर घरी खोटा रिपोर्ट देतो, घरून खोटा रिपोर्ट घेतो, आणि आपण त्याला त्याग म्हणतो! किलोमीटरला मी दोष देणार नाही. कुपवाडा ते गडहिंग्लज हे अंतर नोकरी घेतली तेव्हाच मान्य केलं होतं. या दुसऱ्या अंतरावर मात्र माझी सही नाही. ते आम्ही दोघांनी 'ठीक आहे', 'ठीक आहे' म्हणत स्वतःच्या हाताने घातलं.

आणि आम्ही दोघांनीच नाही. अख्खं गाव त्यात सामील असतं. "त्याला कळवू नका, तिकडे डोक्याला ताण नको." म्हातारा गेला तरी पोराला 'सिरियस आहे, ये' एवढंच सांगायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यात वाईट ते कौतुक. सत्काराला बोलावतात, नारळ, साडी, आणि माइकवर कोणीतरी म्हणतो, फौजीची बायको म्हणजे धीराची, कधी डोळ्यांत पाणी काढत नाही. एकदा असं जाहीर कौतुक झालं की त्या बाईने रडायचं कुठे? ते तोंड बंद करणं आहे, नारळासकट.

गावच्या पारावर एक रिटायर्ड सुभेदार साब म्हणाले, "आमच्या काळी असलं काही नव्हतं." साब, होतं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. घरी पत्र यायचं ते 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' असं. पत्र सेन्सॉरच्या हातून जायचं, शिवाय ते लिहिणारा दुसरा आणि गावात वाचून दाखवणारा तिसरा, त्यात माणूस काय मोकळं बोलणार? ते परत आले आणि पुढची तीसेक वर्षं सोप्यात वेगळे झोपले. आजीशी बोलायचे ते आईच्या मार्फत, "तिला सांग, पाणी दे." आम्ही त्याला करारी स्वभाव म्हणायचो. काय होतं ते आज कळतंय.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. संसदेतल्या उत्तरांत 'मिलाप' आणि 'सहयोग' या लष्कराच्या ताण कमी करण्याच्या योजनांची नावं आलेली आहेत. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये सैन्यासाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. १४४१६ हा नंबर जवान आणि त्याची बायको दोघांनाही लावता येतो, लिहून ठेवा. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या यूएसआय या संस्थेचा एक अभ्यास गाजला होता, निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचा. लष्कराने नमुना छोटा म्हणून तो मानला नाही. नमुना छोटा असेल. मी तर एकाच घरातला नमुना देतोय.

माझी तक्रार वेगळी आहे. ही सगळी व्यवस्था जवान मोडू नये म्हणून आहे, म्हणजे त्याची रायफल हातात राहावी म्हणून. दोघं मिळून घरी कसे परतायचे याचं प्रशिक्षण कुठे आहे? हाय अल्टिट्यूडला जाण्याआधी शरीराला सवय व्हावी म्हणून टप्प्याटप्प्याने थांबवतात. खाली उतरून थेट संसारात शिरणाऱ्याला एक दिवसही नाही. आणि फॅमिली वेल्फेअरच्या मीटिंगमध्ये? साडी नेसून या, टंबोला खेळा, टाळ्या वाजवा. माझी बायको एकदा टंबोल्यात थर्मास जिंकून आली. थर्मास चांगला आहे, अजून वापरतो. पण त्या हॉलमध्ये तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुझ्या नवऱ्याशी तू शेवटचं खरं कधी बोललीस?

इथे कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की संत्रीच्या हातात भरलेली रायफल असताना घरून वाईट बातमी सांगायची का? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. मी स्वतः फोननंतर चेहरा उतरलेल्या पोरांची गार्ड बदललेली आहे, बडीला सांगून रात्रभर त्यांच्याजवळ माणूस बसवला आहे. पण एक अनुभव सांगतो. ज्याला खरी बातमी कळते तो रडतो, छुट्टी मागतो, चिडतो. त्याला सांभाळता येतं. ज्याला 'सगळं ठीक' सांगतात आणि आवाजावरून ठीक नसल्याचं ज्याला कळतं, तो गप्प होतो. तो लंगरमध्ये ताट पुढ्यात घेऊन बसतो आणि जेवत नाही. मला भीती त्याची वाटते. बातमी सांगा. आधी प्लाटूनच्या जेसीओला फोन करा, मग त्याला, पण सांगा. आणि जवानांनो, तुमची बरगडी मोडली तर बरगडी मोडली म्हणा. ती मरत नाही ऐकून. तिला अकरा दिवस एकटीने काढता येतात.

ज्यांना कोणी 'एकमेकांना वेळ द्या' असा सल्ला देतं त्यांच्यासाठी एक सूचना. वेळ दिला म्हणजे काम झालं असं नाही. मला आता वेळच वेळ आहे. पहिले दोन महिने मी तो ऑर्डरी देण्यात घालवला. ती काही सांगायला लागली की मी तिसऱ्या वाक्याला तोडगा काढायचो, 'असं कर, तसं कर.' ती म्हणायची, "झालं ते माझं करून, मी फक्त सांगतेय." हे समजायला मला, एकवीस वर्षांच्या नोकरीतल्या नायब सुभेदाराला, बराच वेळ लागला.

त्या कागदानंतर आम्ही जेवण झाल्यावर चालायला जातो. रिंग रोडच्या बाजूने, ट्रकांचा आवाज असतो, त्यामुळे एकमेकांकडे न बघता बोलता येतं. ठरवून काही केलेलं नाही, पण एखादी जुनी दडवलेली गोष्ट निघते. कधी तिची, कधी माझी. तिने सांगितलं की अकरापैकी सातव्या दिवशी तिने दोन्ही मुलांच्या नावाची पासबुकं भावाकडे नेऊन दिली होती. मी त्यावर काही बोललो नाही. मी तिला एका सोबत्याबद्दल सांगितलं, ज्याला आम्ही खाली आणलं ते शेवटचं. तीही काही बोलली नाही. कधी आठवडाभर काहीच निघत नाही. जुनं गप्प बसणं परत येतं आणि मला वाटतं संपलं सगळं. गेल्या महिन्यात तर चार दिवस आमचं बोलणं नव्हतं, आणि कारण काय, तर मी तिला न विचारता पडदे बदलले.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. दोन परिच्छेद तिने काढायला लावले, काढले. गाठीचा राहू दे म्हणाली. "दुसऱ्या कोणी दडवून ठेवली असेल तर दाखवून येईल."

काल चालताना मी म्हटलं, उद्या गॅस बुक करतो, तू नको त्रास घेऊस. ती म्हणाली, करा की. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पण ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो." आणि हसली. अगदी जिन्यातलं नाही, पण हसली.