मेहुणीचं लग्न महत्त्वाचं की तिच्या मुलाचा मेंदू?

“डॉक्टर, हे आमच्या नातेवाइकांत कळू देऊ नका. मेहुणीचं लग्न ठरतंय.” मुलाला अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असल्याचं सांगितलं, की असं वाक्य ऐकू येतं. काळजी समजते, पण हा निर्णय चुकीचा आहे.

या आजारात एबीसीडी१ या जनुकात दोष असतो. त्यामुळे खूप लांब साखळीची मेदाम्लं शरीरात साचतात. काही मुलांमध्ये, बहुधा ४ ते १० वर्षांच्या वयात, मेंदूच्या पांढऱ्या भागाला दाह सुरू होतो आणि मज्जातंतूंवरचं आवरण नष्ट होऊ लागतं. आधी अक्षर बिघडतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, मस्तीखोर झालाय. मग नजर, ऐकणं, चालणं जाऊ लागतं.

दाह अगदी सुरुवातीला सापडला, तर बोन मॅरो प्रत्यारोपणाने तो थांबवता येतो. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. म्हणजे उपचाराचा खरा फायदा होतो तो आज खेळता-बागडता दिसणाऱ्या मुलाला. तो तुमचा धाकटा मुलगा असेल, नाहीतर त्याचा मावसभाऊ.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. आईच्या बहिणीही वाहक असू शकतात. ज्या मेहुणीसाठी तुम्ही गप्प बसता, तिच्याच होणाऱ्या मुलाचा वेळ तुम्ही वाया घालवताय.

आणि “सुनेच्या माहेरचा दोष” हे बोलणं आता पुरे! जनुकं कुणी निवडून घेत नाही. दोष असलेला बापही तो आपल्या प्रत्येक मुलीला देतो. कधी तो घरात पहिल्यांदाच उद्भवतो.

तेव्हा आईकडच्या सगळ्यांना सांगा. मुलग्यांची मेदाम्लांची रक्ततपासणी करा. बायकांमध्ये ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून त्यांची जनुक तपासणी करा. दोष सापडला म्हणजे मेंदूचा आजार होणारच, असं नाही. सख्ख्या भावांतही फरक पडतो. पण ठरावीक काळाने एमआरआय आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींची तपासणी हवीच. या ग्रंथी कमी पडल्या तर जीव जाऊ शकतो, आणि त्यावर रोजच्या गोळ्यांचा उपाय आहे.

आज एक फोन करा. मेहुणीलाच करा.