कपाटे पोचली, पैसे नाहीत

सरकारी खरेदीत लहान कारखानदारास अग्रक्रम द्यावा की न द्यावा, हा वाद आता उरलेला नाही. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाने तो निकालात काढला आणि २०१८ साली केंद्रीय खाती व सरकारी कंपन्या यांच्या खरेदीतील सूक्ष्म-लघु उद्योगांचा वाटा शेकडा २० वरून २५ केला. ३५८ वस्तू तर केवळ त्यांच्याचकडून घ्यावयाच्या आहेत.

ही खैरात आहे असे जे समजतात, त्यांनी धोरण वाचलेले नाही. लहान कारखानदाराचा दर किमान दराहून शेकडा १५ पर्यंत अधिक असला, तर त्याला पुरवठ्याची संधी मिळते खरी. पण त्या किमान दरानेच! सवलत आहे ती दारातून आत येण्याची, अधिक किंमत घेण्याची नव्हे.

आम्हांला खटकते ते दारापलीकडचे. आमचा एक जुना विद्यार्थी भोसरीस लहानसा कारखाना चालवितो. एका सरकारी खात्यास त्याने पोलादी कपाटे पुरविली. सात महिने झाले, बिल अद्याप पडून आहे. पत्र्याचे पैसे रोख, मजुरी महिन्याच्या महिन्याला, आणि बँकेचे व्याज तर सुट्टीच्या दिवशीही चढते. उद्योग वाढावा म्हणून दिलेली ऑर्डरच त्याचे कर्ज होऊन बसली आहे. २००६ च्या कायद्यान्वये करार काहीही असो, ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते मागितलेस काय, असे आम्ही विचारले. "सर, पुढची ऑर्डर नको का?" वर्गात गणिताला भिणारा हा मुलगा; हा हिशेब मात्र त्याने अचूक मांडला होता.

२०२३ च्या वित्त कायद्याने मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदारास आयकरात चिमटा काढला आहे. परंतु सरकारी खात्यास आयकरच नाही, मग चिमटा लागणार कोणास? आमची मागणी साधी आहे. ४५ दिवस उलटताच व्याज कोषागाराने मागणीवाचून जमा करावे आणि तो बोजा विलंब करणाऱ्या खात्याच्या नावे अंदाजपत्रकात दाखवावा.

ती कपाटे त्या कार्यालयात केव्हाच लागली आहेत, फायलींनी भरलीही आहेत. त्यांतल्याच एकात आमच्या विद्यार्थ्याचे बिलही असावे.